बाबांच्या गाडीची सीट

ती. आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

बाबांची गाडी कायमची आपल्या देशात आणायला हरकत नाही, असं सीमेवरच्या तपासणी अधिकाऱ्यांनी आज स्वतः सांगितलं. गाडी जुनी असली तरी इंजिन ठणठणीत आहे. अट एकच, ड्रायव्हरच्या सीटचा खटका बदलायचा.

मी वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? ताई येऊन गेली का?

खटक्याचं असं झालंय, की बाबा उंच, म्हणून सीट पार मागे असायची. मी ती पुढे ओढून बसतो, पण जरा चढ लागला की सरकत सरकत त्यांच्या जागी जाते आणि माझे पाय ब्रेकला पुरत नाहीत. तपासणीतही तेच झालं. मेकॅनिक म्हणाला, "मालक जागा सोडत नाहीत वाटतं!" मीही हसलो. मग बाबा गेल्याचं त्याला कळलं, तसा ओशाळून म्हणाला, "खटका झिजलाय हो, दुसरं काही नाही."

मलाही ते पटतं. तरी गाडीत शिरताना मी आधी जरा थांबतो.

नवा खटका पुढच्या आठवड्यात येईल. तो बसला की शिक्का मिळेल आणि मी लगेच निघेन. बाबा सुट्टीला यायचे तेव्हाचाच आवाज फाटकाशी येईल. आई, धावत बाहेर येऊ नकोस. गाडीतून मी उतरेन.

तुझा,
धाकटा