लोटा घेऊन धावणे

७ नोव्हें. १९६४
जुना लंगोट काढून पाहिला. गाठ बसेना. आठ वर्षे कचेरीत खुर्ची झिजवून पोट सुटले आहे, आणि काल भाऊबीजेला आलेल्या साळ्याशी कुस्ती ठरवून बसलो! महिन्याने, रामपायलीच्या आखाड्यात. शंकर पंचवीसचा, मी छत्तीसचा. पण चार माणसांत बोलून गेलो.

८ नोव्हें.
वस्तादांकडे गेलो. पोटाला बोट लावून हसले. "हे उतरव. पन दंड गेला तं तू गेला! उपाशीपोटी धाव, बोलता येईन इतकंच. मंग चने, दूध, जोर." सौ.ने सुतळी घेऊन एक गाठ पोटाच्या मापाची मारली, दुसरी दंडाची.

९ नोव्हें.
पहाटे नदीकडे धावलो. चौघांनी अडवले. "कोन गेलं जी?" "गाडी चुकली का?" एक तर चोर कुठे म्हणत सायकल घेऊन मागे लागला. धावणे अर्धा मैल, चहा तीन.

१० नोव्हें.
हाती लोटा घेतला. कोणी हूं की चूं केले नाही! नदीकडे लोटा घेऊन जाणाऱ्याला कोण थांबवणार? मी भलताच हुशार.

१७ नोव्हें.
सुतळी: पोट दोन बोटे आत. दंडही एक बोट आत!! जेवण गेले नाही. सौ. म्हणाली, "भात कमी करा म्हनलं होतं, चने काहून सोडले?" लवकर उतरावे म्हणून. आजपासून चणे, दूध, दोन अंडी. अंडी अंगणात शिजवायची, चुलीवर नाही.

२४ नोव्हें.
शेजारच्या पंडिताइनने दहीभात पाठवला. का, कळेना. दुपारी कचेरीत बडे बाबू कानाशी, "दो हफ्ते हो गए भैया, लोटा लेके दौड़ रहे हो. डॉक्टर को दिखाओ." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गावभर मला हगवण लागली आहे.

२९ नोव्हें.
बातमी सासरी कटंगीला पोचली. सासूबाई बेलाचा मुरंबा घेऊन हजर. "जवाईबापू, किती वायले जी!" मी बरा आहे म्हणतो, ऐकतो कोण? ताटात मऊ भात. चणे न्हाणीत लपून खाल्ले.

६ डिसें.
शंकर आला. "भाटवे, कुस्ती राहू द्या. बिमार मानसाले पाडून मले काय भेटन?"
खरे लिहितो, जीव भांड्यात पडला. त्याचे दंड मी विसरलो नव्हतो. पडेल आवाजात म्हणालो, "तुयी मर्जी."
सौ. आतून सुतळी घेऊन आली. भावासमोर मोजले. पोट चार बोटे आत, दंड बरोबर गाठीवर. "बिमार गिमार काही नाही. तुयासाठीच धावत होते. आता पाह्य तू!"
शंकरचा चेहरा उतरला. माझाही.

१२ डिसें.
उद्या कुस्ती. लंगोटाची गाठ बसून वर वीतभर कापड उरते. सासूबाई दोघांचीही दृष्ट काढून मोकळ्या झाल्या. सहाची बस. स्टँडपर्यंत धावतच जावे म्हणतो, पण लोटा सौ.ने कुलपात ठेवला आहे.