पट्ट्यात तीन बोटे जागा केल्याबद्दल

प्रति,
मेहेरबान अधीक्षक साहेब,
लोकहित अस्थिरोग रुग्णालय, खडकी
यांचे सेवेशी.

अर्जदार : मालोजी रामजी सातपुते, वय ४१, धंदा मोटा व चपला शिवणे, राहणार मौजे चिंचवड, तालुका हवेली.

विषय : मुलीच्या पाठीचा पट्टा आठ दिवसांत जमा करण्याची नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : भांडार विभागाची नोटीस क्र. ११४, ता. १९ नोव्हेंबर १९५७.

महोदय,

१. अर्जदाराची मुलगी इंद्रायणी, वय बारा, हिच्या पाठीचा कणा एका बाजूस वाकत चालला आहे. आपल्याच डॉक्टरसाहेबांनी जानेवारीत क्ष-किरण फोटो काढून बाक बत्तीस अंश असल्याचे सांगितले व अर्जदारास समजेल अशा भाषेत वाटा दाखविल्या. नुसत्या व्यायामाने बाक थांबत नाही. लोखंडी पट्ट्या लावलेला चामड्याचा पट्टा अंगाची वाढ पुरी होईपर्यंत रात्रंदिवस घातला, तर बाक बहुधा आहे तिथे थांबतो. पन्नासच्या वर गेला, तर नडगीच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यांवर बसवावयाचा, मणके एकमेकांस जोडावयाचे आणि पोरीने वर्षभर प्लास्टरमध्ये निजून राहावयाचे. अर्जदाराने व त्याची बायको गोजाबाई हिने पट्टा पत्करला.

२. माप जानेवारीत घेतले, पट्टा ऑगस्टअखेर आला. सहा महिने थांब ही म्हण सरकारी कामाची. आपल्या रुग्णालयाने ती सातावर नेली. मधल्या काळात पोर वाढली. बाराव्या वर्षी पोरी वाढतात, हे भांडारात कोणास ठाऊक नसावे. पट्टा काखेत रुतला, कमरेची कातडी सोलली. तक्रार केली तेव्हा भांडाराचे कारकून अर्जुनराव यांनी वही उघडून, "मापं बरोबर आहेत, पट्ट्यात दोष नाही," असे सांगितले. म्हणजे दोष पोरीचा ठरला.

३. अर्जदार पंचवीस वर्षे विहिरींचे पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवतो. कातडे कुठे ताणावे व कुठे सोडावे, हे त्याला कळते. त्याने शिवण उसवून, लोखंडाला नवी भोके पाडून पट्ट्यात तीन बोटे जागा केली. त्या दिवशी इंद्रायणी पट्टा घालून प्रथमच पोटभर जेवली. ऑक्टोबरात डॉक्टरसाहेबांनी नवा फोटो काढला, बाक बत्तीसच. "झकास काम केलंत हो," असे म्हणून त्यांनी केसपेपरवर तसा शेरा मारला.

४. त्याच दिवशी, दहा पावलांवरच्या भांडारात, रुग्णालयाच्या मालमत्तेत फेरफार केला म्हणून अर्जुनरावांनी पट्टा काढून घेतला. पोर चार माणसांत उभी होती. ती म्हणाली, "आबा, म्या काय खराब केला न्हाई त्यो." अर्जदार तिला घेऊन तसाच घरी आला, याची लाज त्याला अजून वाटते.

५. अर्ज केला. उत्तर आले, की पट्टा मूळ मापात आणल्यावर मिळेल, मात्र तो रुग्णाच्या अंगास बसतो असा दाखला जोडावा. पट्टा मूळ मापात आणता येईल. पोर जानेवारीच्या मापात आणण्याची सोय अर्जदाराकडे नाही. नवे माप द्यावे तर पुन्हा सात महिने. इकडे पाच आठवडे पट्ट्यावाचून गेले आणि बाक पस्तीस झाला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार आहे. अर्जदार संतापला आहे व ते लपवीत नाही.

६. तेव्हा त्याने मोटेच्या कातड्याचा दुसरा पट्टा शिवला. लोखंडकाम गावच्या आबाजी लोहारांनी केले. डॉक्टरसाहेबांनी तो मुलीला घालून पाहिला, कमरेचा आधार दोन वेळा सरकवून घेतला व पसंत केला. आता भांडाराची नोटीस, की बिनमंजुरीचा पट्टा जमा करा, नाहीतर केसपेपर बंद. केसपेपर बंद म्हणजे फोटो बंद, डॉक्टर बंद. मग बाक कुठवर गेला, हे अर्जदाराने कोणास विचारावे?

७. मुदत परवा संपते. अर्जदार पट्टा जमा करणार नाही. तो इंद्रायणीच्या अंगावर आहे. त्याचे बंद पाठीमागे आहेत; ते तिला एकटीला सुटत नाहीत, आणि तिचे आईबाप सोडणार नाहीत. नोटीस मागे घ्यावी, ही हात जोडून विनंती. ती मान्य नसेल, तर साहेबांनी भांडाराचा माणूस न पाठवता स्वतः चिंचवडला यावे, पोरीला कारण सांगावे आणि बंद आपल्या हाताने सोडावेत.

आपला, इतर सर्व बाबतींत आज्ञाधारक,
मालोजी रामजी सातपुते
चिंचवड, ता. २५ नोव्हेंबर १९५७

सोबत : (१) नोटिशीची नक्कल. (२) डॉक्टरसाहेबांच्या शेऱ्याची नक्कल. पट्टा जोडलेला नाही.