ओटीत गेलेलं म्युझियम

कासारवाडी,
मंगळवार

छबे, आधी कोण आलं ते सांगते, आशीर्वाद मागून. आधी आल्या सुहासिनीबाई, म्हणजे स्नेहलला बघायला येणार होता त्या रावेतच्या मुलाची आई, आणि त्याही सांगितल्या वेळेच्या कितीतरी आधी. मुलगा निमिष आणि त्याचे वडील मुकुंदराव गाडी लावायला जागा शोधत मागं राहिलेले. आमची नात ओल्या केसांनी, मंजुषा (सूनबाई) पिठाच्या हातांनी, आणि तुझे दाजी बनियनवर. (आता आशीर्वाद घे. गुडघा कसा आहे? तुझ्या मालकांचा खोकला थांबला का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. शेजारचा गणराज चाकणला शिफ्टला येतो, त्याच्या हाती देते. चौथीतलं अक्षर आहे, सांभाळून घे.)

तर स्नेहल फोटो काढते हे तुला ठाऊक आहे. लग्नातले नव्हे, इमारतींचे. मुंबईच्या त्या घुमटाच्या मोठ्या म्युझियमनं तिला आतले फोटो काढायला बोलावलं होतं, पुस्तकात छापायला. तिचं स्वतःचं असं पहिलंच काम. सकाळी लोक यायच्या आधी तिला आत सोडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डागडुजीला आत बांबूच्या परांच्या उभ्या राहिल्या, त्या वर्षभर निघायच्या नाहीत. म्हणजे फोटो ते तेवढेच, आणि तेही सगळे कॅमेऱ्यातल्या नखाएवढ्या कार्डावर. (एवढं म्युझियम तेवढ्याशात कसं मावतं ते विचारू नको, मी विचारून बोलणी खाल्ली आहेत.) ते कार्ड पँटच्या खिशात राहिलं आणि मंजुषानं पँट मशिनला लावली. मायलेकी बोलेनात. मग स्नेहलनं कार्ड वाटीभर तांदळात पुरलं, तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून, आणि वाटी देवघराच्या फळीवर ठेवली, कुणाचा हात लागू नये म्हणून.

देवघराच्या फळीवर तांदळाची वाटी, छबे. तूच सांग, ती कशासाठी असते?

चहापोहे उरकून मंडळी निघाली, तशी मी सुहासिनीबाईंना हळदकुंकू लावलं, खण-नारळ दिला, आणि ओंजळीनं भरायचं सोडून घाईत वाटीच त्यांच्या पदरात ओतली. गाडी वळली न वळली तोच स्नेहल आली. "आजी, वाटी कुठंय?" म्हटलं, "ओटीत गेली." पोरगी तिथंच फरशीवर बसली. रडली नाही, तेच मला बघवेना.

आता दिलेली ओटी परत मागायची कशी? मागितली की सोयरीक मोडलीच. मंजुषा म्हणाली, थोडं थांबू या, आणि त्यातच दुपार गेली. तुझे दाजी म्हणाले, "सोजरे, तू ओतलीस, आता तूच निस्तर." मी स्नेहलच्या तोंडाकडं बघितलं आणि फोन लावला. स्थळं काय, येत राहतील. परांच्या निघायच्या नाहीत.

पण माझ्याआधी सुहासिनीबाईच बोलल्या. "अहो आजी, बरं झालं फोन केलात. तांदूळ निवडताना ते कार्ड मिळालं. आम्हाला वाटलं, तुमच्याकडं मुलीची माहिती हल्ली अशी देतात." छबे, ती सगळी मंडळी कॉम्प्युटरपुढं बसून मुलगी शोधत होती. जिने बघितले, खांब बघितले, काचेच्या कपाटातले देव बघितले. "म्युझियम सुंदर आहे हो, पण मुलगी काही कुठं दिसेना."

मी देवापुढं साखर ठेवली.

संध्याकाळी तिघंही कार्ड घेऊन परत आली. मग आम्ही पण टीव्हीवर बघितलं. घुमटातून उजेड असा खाली आलेला, जसं वर बसून कुणी पीठ चाळतंय. एवढी थोरली फरशी आणि माणूस नाही एक. मी म्हटलं, "केर काढायला किती बाया लागत असतील?" निमिष म्हणाला, "आजी, मी पण घरी हेच विचारलं." मुलगा मला पसंत आहे. त्यानं स्नेहलला विचारलं, हा फोटो जिन्यावर आडवं पडून काढला का. ती हो म्हणाली, आणि मग दोघांचं जे चाललं ते त्या जिन्यावरून खाली उतरेचना. चहा परत गरम करावा लागला.

तुझी आक्का,
सोजरा

ता. क. स्नेहल म्हणते, अजून काही ठरलेलं नाही, आजीनं गावभर करू नये. मी कुठं करते? तुला तेवढं कळवलं, आणि दापोडीच्या शालनबाईला.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. मंजुषानं मला तांदळाच्या डब्याला हात लावायची बंदी केली आहे. तेव्हा या खेपेची ओटी भरायला तू ये, मालकांनाही आण. रावेतची मंडळी येत्या रविवारी परत येतो म्हणाली आहेत.