निघालेली बॅग

अकोला,
१० नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्या सत्यभामेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन लावला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्या मारतं आणि माझ्या बोलण्याचा तू भलताच अर्थ लावतेस. मागे मी गहू निवडले म्हटलं, तर तू कोण निवडून आलं म्हणून विचारलंस. त्यापेक्षा आपली ही पत्रंच बरी.

बातमी अशी की किशोरने बंगळूरला मोठं घर घेतलं आणि संक्रांत झाली की तो मला न्यायला येणार आहे. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. इथलं घर भाड्याने देऊ म्हणतो. मी हो म्हटलं आहे, पण रात्री उठून घरभर फिरते. जाण्याआधी मला तुझ्यासोबत कुठेतरी जायचं आहे. आपण दोघी सख्ख्या बहिणी, वलगावला एका पांघरुणात वाढलो, आणि लग्नानंतर एक रात्रही घराबाहेर सोबत काढली नाही. शेजारची बेबीताई आणि तिची नणंद लीलाबाई बरोबर येतात. पाच ते सात डिसेंबर, चिखलदरा. तू लग्नापासून अमरावतीत राहिलीस आणि चिखलदरा पाहिलं नाहीस, हे बेबीताईला अजून खरं वाटत नाही.

गाडी, दोन खोल्या, चहापाणी धरून माणशी चार हजार काढले आहेत. सगळे पैसे निघतानाच एका बटव्यात टाकायचे आणि बटवा बेबीताईच्या कमरेला. वाटेत कोणी माझा चहा, तुझा चहा करायचं नाही. उरलं तर वाटून घेऊ.

आता रागावू नकोस, पण माहूरच्या वेळी तुझं पोट बिघडलं आणि लोणारच्या वेळी गाडी दाराशी उभी असताना तुला चक्कर आली. तिसरं दुखणं मी मानणार नाही. उलट टपाली होकार हवा.

बाकी ठीक. लोभ आहे तसाच, जरा वाढवलास तर हरकत नाही.

तुझी
सत्या

---

अमरावती, राजापेठ
१५ नोव्हेंबर

चि. सत्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. लेक न्यायला येतो हे चांगलंच झालं, एकटं राहण्याचे आपले दिवस नाहीत. असं लिहिते खरी, पण तुझं पत्र वाचून मी भाजी गॅसवर ठेवून विसरले, ती करपली.

येते मी. पण अकोटावरून सरळ जायचं सोडून माझ्यासाठी गाडी अमरावतीला वळवता, ते पेट्रोल तुम्ही सगळ्यांच्या डोक्यावर का टाकता? माझ्या पेन्शनीतून चार हजार निघतील, दिवाळीला साडी घेतली नाही ते बरंच झालं. त्यावर माझ्याकडून तीन दिवसांचं कोरडं खाणं. शेव, गुळाच्या दशम्या, तिळाची चटणी. तेवढाच हॉटेलचा खर्च वाचेल. यावर वाद घालायचा नाही.

बॅग भरायला काढली आहे. अजून वीस दिवस आहेत हे मला कळतं. पण भरते आणि मन भरत नाही, पुन्हा सगळं पलंगावर ओतते. दोन सोलापुरी चादरी, गरम पाण्याची पिशवी, सांडशी (लॉजवाल्यांकडे असते का?), बीपीच्या गोळ्या, त्या हरवल्या तर दुसऱ्या, चार लुगडी, मोजे. काल चेन लागेना म्हणून बॅगेवर बसले, आणि खाली ट्यूशनला आलेल्या पोरांनी खिडकीतून पाहिलं. तुझे भाऊजी होते तोवर मी कधी बॅग भरलीच नाही. ते भरायचे, मी फक्त निघायची. आता आठ वर्षं झाली, तरी बॅगेपुढे बसलं की मला काही सुचत नाही.

तब्येत सांभाळ. लीलाबाई, बेबीताईला नमस्कार सांग, त्यांच्या पोटाची काळजी माझ्याकडे.

तुझी
ताई

---

अकोला,
१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांडशी! ताई, आपण चिखलदऱ्याला खानावळ टाकायला चाललो नाही. बेबीताईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, काहून हसतेस वं, बाईले सोबत पाटा-वरवंटाही घेऊ दे.

माझं ऐक. जे न्यायचं वाटतं ते पलंगावर मांड आणि त्यातलं अर्धं कपाटात परत ठेव. आपली बॅग आपल्याला जिना उतरून नेता आली पाहिजे, एवढाच नियम. सगळ्यांनी सगळं न्यायचं काही कारण नाही. गोळ्या-औषधं, बाम, शेकायची पिशवी बेबीताईकडे, टॉर्च आणि चार्जर माझ्याकडे, तेल, साबण, कंगवा लीलाबाईकडे, खाणं तुझ्याकडे. तुझ्या अंगावरचं एक, बॅगेत दोन, वर एक स्वेटर. थंडी फार असते तिथे, स्वेटर विसरलीस तर माझा मिळणार नाही.

आणि ही उघडझाप बंद करायची तर आई करायची ते कर. प्रस्थान ठेव. निघायच्या आधीचा चांगला दिवस पाहून भरलेली बॅग, वर सुपारी आणि हळकुंड, समोर नईमाच्या घरी ठेवून दे. उंबरा ओलांडून गेलेली बॅग माणूस प्रवासाहून आल्याशिवाय घरात परत आणायची नसते. म्हणजे तुला ती उघडताच येणार नाही आणि तूही निघालीस असंच धरलं जाईल. कशी युक्ती काढली?

पंचांगात एक डिसेंबर बरा दिसतो. वाट पाहते. तुझ्या दशम्यांवर माझा जीव, तुझ्यावर त्याहून थोडा जास्त.

सत्या

---

अमरावती,
२४ नोव्हेंबर

चि. सत्यास,
आशीर्वाद.

माझं येणं होत नाही. गुडघा धरला आहे. गाडी अमरावतीवरून आणू नका, अकोटावरून सरळ जा. खाणं केलेलं आहे, डबे एसटीच्या पार्सलने पाठवते, उतरवून घे. दशम्या आदल्या दिवशी उन्हात ठेव. चौघींचं तिघींवर पडतं म्हणून माझे चार हजार डब्याच्या पिशवीत घातले आहेत.

रागावू नकोस. तू तिकडे जाण्याआधी मी अकोल्याला येऊन जाईन.

ताई

---

अमरावती, राजापेठ
२८ नोव्हेंबर

सत्यभामाताईंना नईमाचा सलाम.

परवा तुमचा फोन आला तेव्हा बाई माझ्यासमोरच बसून होत्या. त्यांना ऐकू येत नाही, पण ओठांकडे पाहून सगळं समजतं, म्हणून मी नीट बोलले नाही. नगरपालिकेच्या मराठी शाळेत सातवी झाले आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाईंचा गुडघा ठणठणीत आहे. सकाळीच गच्चीवर जाऊन पापड वाळत घातले. तुमची चिठ्ठी आली त्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या, वर माळ्याकडे पाहिलं आणि परत गेल्या. मी सांगायचं की नाही हा विचार दोन दिवस केला. आमचे हे म्हणाले, आता नाही सांगणार तर कधी सांगणार?

आठ वर्षांपूर्वी पंजाबरावसाहेबांनी बाईंना चिखलदरा दाखवायचं ठरवलं होतं. जायच्या दिवशी अमावस्या येत होती, म्हणून गुरुवारी संध्याकाळी ते बॅग घेऊन आमच्याकडे आले. वर सुपारी बांधलेली होती. मी पाहिलं तर हसून म्हणाले, नईमा, आमी निघालो बरं का, आता फक्त माणसं जायची राहिली. शुक्रवारी पहाटे त्यांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. घर पाहुण्यांनी भरलं, कोणाला बॅग आठवली नाही. चाळिसेक दिवसांनी मी विषय काढला तर बाई म्हणाल्या, ते घरी येतील तवाच ते बॅग घरी येते, तू कशाले आणतं? त्यानंतर मीही बोलले नाही.

बॅग आमच्या माळ्यावर आहे. तुमच्याकडे तिला प्रस्थान म्हणतात, आमच्याकडे अमानत. अमानत उघडायची नाही, टाकायची नाही. आमचे इनायतुल्लासाहेब चेन आणि बॅगांचंच काम करतात. दर ईदच्या आधी ते तिच्यावरची धूळ पुसतात आणि चेनीवर मेणबत्ती घासतात, जाम होऊ नये म्हणून. उघडत नाहीत.

बाईंना तुमच्यासोबत यायचं फार आहे. बॅग भरायला घेतली की त्यांना भीती वाटते, बस. त्यांना न्या. दुवा असू द्या.

नईमा

---

अकोला,
१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, वेळेत पोहोचावं.

नईमावर रागावायचं नाही. मीच तिच्या मागे लागले होते. भाऊजींची आणि तुझी सहल ठरली होती एवढं मला माहीत होतं, ती चिखलदऱ्याची होती आणि बॅग निघाली होती हे माहीत नव्हतं. नाहीतर प्रस्थानाचं हसत-हसत लिहिलं नसतं गं. पत्र वाचताना मी खूप रडले. मग तुझे डबे समोर ठेवून बसले. उघडले नाहीत.

ताई, तू काहीएक भरू नकोस. एक रुमालसुद्धा नको. पाच तारखेला सकाळी गाडी तुझ्या दाराशी थांबणारच नाही, ती नईमाच्या दाराशी थांबेल. भाऊजींनी भरलेली बॅग आठ वर्षांपूर्वीच चिखलदऱ्याला निघाली आहे. ती घरी आणायला तुला जमत नाही, ते मला समजतं. पण तिला पोहोचवता तर येईल. आपण दोघी मिळून पोहोचवू.

तू दारात दिसली नाहीस तर आम्ही अकोल्याला परत येऊ, चिखलदरा राहिलं. तुझे चार हजार बटव्यात पडले आहेत आणि बेबीताई बटवा उघडून द्यायला तयार नाही.

लोभ असू दे म्हणत नाही या वेळी. चप्पल घालून दारात उभी राहा.

सत्या

---

अमरावती, राजापेठ
१४ डिसेंबर

चि. सत्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुम्ही मला सोडून गेलात त्याला आठवडा झाला. घाटाची वळणं अजून डोक्यात फिरतात. तुझं पत्र आलं होतं त्या रात्री मी ठरवलं होतं की दार लावून बसायचं. सकाळी हॉर्न ऐकू आला नाही, पण इनायतुल्ला बॅग डोक्यावर घेऊन उतरताना खिडकीतून दिसले, आणि तिच्यामागे मी कधी चालू लागले ते मलाच कळलं नाही. वलगाव गेलं तरी मी ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती, बेबीताईने त्यावरून चिडवलं ते मला ओठांवरून समजत होतं बरं.

लॉजवर चेन एका ओढीत उघडली. मेणबत्तीची करामत. तुम्ही तिघी मुद्दाम बाहेर कॉफी प्यायला गेलात, म्हणून आत काय काय होतं ते तुला सगळं सांगितलेलं नाही. त्यांचा एक सदरा, एक टॉवेल, तो तपकिरी स्वेटर. बाकी सगळी बॅग माझीच. हरवलं म्हणून मी घरभर शोधलेलं मोरपंखी पातळ, बाम, माझा पाण्याचा पेला, आणि तळाशी पेपरात गुंडाळलेले पांढरे बूट. कोरे, माझ्या मापाचे. मला चालवणार होते ना उंचावरच्या पॉइंटपर्यंत. सांगितलंच नव्हतं. मी तुम्ही परत येईपर्यंत रडले. मला वाटत होतं त्या बॅगेत त्यांचं मरण भरून ठेवलेलं आहे, म्हणून आठ वर्षं माळ्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. आणि त्यात होते माझे बूट.

देवी पॉइंटच्या अर्ध्या वाटेवर दोन्ही बुटांचे तळवे सुटून जिभेसारखे लोंबायला लागले तेव्हा तुम्ही किती हसलात! मीही हसले. इतक्या दिवसांत मी एवढं हसले नव्हते. आणि सगळ्या जगाला बॅग भरायला शिकवणारी आमची सत्या स्वतःचा स्वेटर अकोल्याला विसरून आली, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे. तुझ्या भाऊजींचा स्वेटर तुला गुडघ्यापर्यंत येत होता. परत पाठवू नकोस. बंगळूरला घाल.

आता घरचं सांगते. तुम्ही गेल्यावर मी बॅग उचलली आणि उंबऱ्याच्या आत आणली. प्रवास पुरा झाला होता. नईमा दारात उभी होती, तिने पदराने डोळे पुसले. मी तिला म्हटलं, तुझी अमानत सुटली वं माय. ती म्हणाली, आता माळा रिकामा दिसते, बरं नाही वाटत.

म्हणून काल चांगला दिवस पाहिला. पलंगावर सामान मांडलं, अर्धं कपाटात परत ठेवलं, पुन्हा काही ओतलं नाही. एक बॅग भरली, वर सुपारी बांधली आणि नईमाच्या माळ्यावर ठेवून आले. इनायतुल्लांनी बुटांना नवे तळवे लावून दिले, तेही आत आहेत. आता ती बॅग मला परत घरी आणता येत नाही, तूच सांगितलेला नियम. तेव्हा बंगळूरला घर लागलं की पत्ता लवकर कळव. मी निघालेली आहे.

तुझी
ताई