पुठ्ठ्याचं चक्र

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
भिंगरीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तीन महिने झाले, पत्र लिहायचं टाळते आहे. कारण काही नाही. आधी पेन सापडेना, पेन सापडलं तर कागद ओले झाले, कागद वाळले तर मीच कुठे जागेवर होते? खरं सांगू? लिहायला बसलं की घर आठवतं, आणि घर आठवलं की लिहिणं राहून जातं.

बातमी अशी, की तुमची मुलगी साहेब झाली. हसू नका! आमच्या लाँड्रीत दोन इस्पितळांच्या चादरी येतात. इथली जुनी सुपरवायझर सोडून गेली आणि मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, उद्यापासून नऊजणींचं तू बघायचं. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, तू कुणाच्याच गटात नाहीस. आता मी कुठल्याच गावात धड वर्षभर राहिलेली नाही, गटात कशी असणार?

काम तीन जागी चालतं. यंत्रातून ओल्या चादरी ओढून काढायच्या, त्या गरम रोलरखालून सरकवायच्या, मग टेबलावर घड्या घालायच्या. ओल्या चादरी सगळ्यांत वाईट, खांदे भरून येतात. घड्यांचं टेबल खिडकीपाशी, तिथे सुख. (त्या खिडकीतून एक मांजर येतं आणि नेमकं गरम अभ्र्यांच्या ढिगावर झोपतं. त्याचा एक कान... जाऊ दे, कुठे निघाले मी.) आजवर काय व्हायचं, नवीन आली की ओल्याला आणि जुन्या खिडकीपाशी. ही माझी सातवी नोकरी, बाबा. सात वेळा मी नवीन होते आणि सात वेळा जे कुणालाच नको ते माझ्याकडे आलं. म्हणून पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याचं गोल चक्र कापलं, कडेने सगळ्यांची नावं लिहिली, मधे टाचणी ठोकली आणि भिंतीवर लावलं. दर सोमवारी एक घर पुढे. जुनी नाही, नवी नाही. रजाही तशीच, एका वेळी एकीला, एक आठवडा. माझं नाव सगळ्यांत शेवटी. हे तुमच्याकडूनच उचललं. सव्वीस वर्षं तुम्ही डेपोत ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावल्या, पण तुमच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही, असं आई सांगायची.

जिन्यातला दिवा लावताना अजूनही आधी चुकीचं बटण दाबता का? इथल्या जिन्यात एकच बटण आहे. चुकायची सोयच नाही.

उशिराबद्दल रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
भिंगरी

---

दि. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, त्यांतले निम्मे एका जागी टिकण्यासाठी.

पत्र तीनदा वाचलं. दोनदा आनंदाने आणि एकदा शुद्धलेखनासाठी. दुसऱ्या कारणाबद्दल आज बोलत नाही.

तू चक्र लावलंस आणि स्वतःचं नाव शेवटी ठेवलंस हे वाचून ऊर भरून आला. साहेबाने असंच असावं. शेजारच्या पोस्टमास्तरांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगी बापावर गेली. मी चहाचा दुसरा कप दिला त्यांना.

माझ्या ओळी वर चढत गेलेल्या दिसतील. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. ऑपरेशन १८ मार्चला ठरलं. सोबत माणूस असल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत म्हणे, आणि पुढे आठवडाभर दर दोन तासांनी डोळ्यात थेंब. पोस्टमास्तर येतो म्हणाले, पण परवाच निघताना त्यांनी माझ्याऐवजी खुंटीवरच्या कोटाला नमस्कार केला. तू मुद्दाम यावंस असं काही नाही. तारीख फक्त माहितीसाठी कळवली. मंगळवार आहे.

मांजराच्या कानाचं काय ते राहिलं.

तुझा,
बाबा

---

दि. २७ फेब्रुवारी

ती. बाबांस, नमस्कार.

मी तोंडावर पडले आहे, बाबा.

आमच्याकडे एक घडीमावशी आहे. वय साठीला टेकलेलं, उंची टेबलाएवढी. दोघींच्या घड्या ती एकटी घालते, आणि चादरीचे कोपरे असे जुळवते की हात फिरवावासा वाटतो. चक्र फिरलं आणि ती ओल्या चादरींना आली. सोमवारी सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, पोरी, मला तिथे नको घालू, माझ्याने होणार नाही. मी काय सांगितलं माहितीये? मी सांगितलं, मावशी, तुम्हाला सोडलं तर उद्या आठजणी येतील, चक्र सगळ्यांना सारखं. तिने एकदा चक्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर खोचून गेली. गुरुवारी चादर ओढताना तिची कंबर धरली. दोघींनी धरून रिक्षात बसवलं. महिनाभर ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

कुणी मला बोललं नाही. तेच वाईट. रोलरवरची ठसका, जी हसली की ठसका लागेपर्यंत हसते, तीही गप्प आहे. सोमवारी मी चक्र फिरवायला गेले तर सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आणि तुमचा आठवडा. चक्राप्रमाणे तो ठसकाच्या रजेचा आहे. मावशी नाही, म्हणजे आधीच एक हात कमी. मी पण गेले तर काम बंद पडेल. मी सुपरवायझर आहे, तिचं नाव काढून माझं लावू शकते, कुणी चूं करणार नाही. पण मी तुमचीच मुलगी ना? शाळेच्या नाटकात मी झाड झाले होते. दीड तास हात वर करून उभी होते आणि दाराकडे बघत होते. तुम्ही तुमची रजा कुठल्याशा ड्रायव्हरला दिली होती. आई म्हणाली, बाबा फार न्यायी आहेत. मी नऊ वर्षांची होते. मला न्यायी नको होते, बाबा, मला तिसऱ्या रांगेत बसलेले हवे होते.

हे लिहायचं नव्हतं. खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचाल, म्हणून राहू देते.

भिंगरी

---

दि. ६ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. रागाने नव्हे.

त्या ड्रायव्हरला त्या दिवशी रजेची तशी गरजही नव्हती. त्याने मागितली आणि मी दिली, कारण नाही म्हटलं तर तो म्हणाला असता की साहेब स्वतःच्या मुलीसाठी रजा दाबून बसले. मी त्या बोलण्याला भ्यालो. सव्वीस वर्षं लोक त्याला न्याय म्हणत आले, मीही म्हणू दिलं. डेपोतल्या माणसांचे अर्ज यायचे, म्हणून त्यांना रजा मिळायची. घरातल्या माणसांनी अर्ज केला नाही, म्हणून मी त्यांना कधी काही दिलं नाही. आई गेल्यावर हे लक्षात आलं होतं. लिहायला तुझ्या झाडापर्यंत थांबावं लागलं.

आणखी एक. माझ्याकडे एक कंडक्टर होता, रात्री त्याला कमी दिसायचं. मी त्याला सगळ्यांसारख्याच रात्रीच्या फेऱ्या लावल्या. तो कधी बोलला नाही, मी कधी विचारलं नाही. आता स्वतःला दिसेनासं झालं तेव्हा तो आठवतो.

तू ठसकाचं नाव काढू नकोस. पण गप्पही बसू नकोस. सगळ्यांसमोर उभी राहून माग. मला ते कधी जमलं नाही.

ये, असं या वेळी स्पष्ट लिहितो. तू यावीस असं वाटतं.

बाबा

---

दि. १३ मार्च

ती. बाबांस, नमस्कार.

हे मावशीच्या खोलीत बसून लिहिते आहे. रोज कामावरून सुटले की इथे येते. पहिल्या दिवशी तिने दार अर्धंच उघडलं. माफी मागितली तर म्हणाली, ती माफी तिकडे ठेव आणि आधी ती उशी दे. आज जरा बरी आहे, चालते-फिरते, पण हात रिकामे म्हणून चिडचिड करते. आत्ता माझी ओढणी काढून घेऊन घडी घालते आहे. पाकिटावर तुमचा पत्ता घातला तर विचारलं, हे कोण. सगळं सांगितलं, झाडाचंही. ती फक्त म्हणाली, दोन तासांनी थेंब म्हणजे माणूस हवाच.

चक्र काढलं. मग एकेकीला विचारलं, काय जमतं, काय जमत नाही. बाबा, मला काहीच माहीत नव्हतं! एकीला रोलरच्या वाफेने दम लागतो, आणि मी समजत होते ती कामचुकार आहे. दोघींना ओल्या चादरीच आवडतात, उन्हाळ्यात गार वाटतं म्हणून. मावशी परत येईल तेव्हा टेबल तिचंच, यावर एकीनेही तोंड वाकडं केलं नाही. वाटणी आता वेडीवाकडी आहे, भिंतीवर लावण्यासारखी नाही.

मग तुम्ही सांगितलंत तसं सगळ्यांसमोर मागितलं.  ठसका रोलर थांबवून माझ्यापाशी आली. तिचा नवरा बोटीवर असतो. अकरा महिन्यांनी तो नेमका त्याच आठवड्यात सहा दिवसांसाठी येतो आहे. ती म्हणाली, दुसरं काहीही माग, हे नको मागू. रडत होती. मी म्हटलं, जा. चक्रासाठी नव्हे. अकरा महिने कुणाची वाट बघणं काय असतं ते मला कळतं, म्हणून.

म्हणजे मंगळवारी मी नाही. तिची रजा संपली की त्याच दिवशी निघेन. तोवर तारीख पुढे ढकलता आली तर बघा. नाहीच जमलं तर पोस्टमास्तरांचा हात तुम्हीच धरा.

फार यावंसं वाटतंय, बाबा. असं याआधी कधी लिहिलं नव्हतं ना मी?

भिंगरी

---

दि. १७ मार्च, दुपार

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. तू बरोबर केलंस. बरोबर केलंस म्हणून घर कमी रिकामं वाटतं असं मात्र नाही, हेही लिहून ठेवतो. इस्पितळात विचारलं, तारीख पुढे गेली तर थेट जूनमधली मिळेल. पोस्टमास्तरांनी कबूल केलं की थेंबाची बाटली त्यांना दिसणार नाही. म्हणून उद्याचं रद्द करावं असं ठरवून चप्पल पायात घातली, तेवढ्यात दार वाजलं.

एक ठेंगणी बाई, एका हाताने कंबर धरलेली, दुसऱ्या हातात पिशवी. भिंगरीचा बाप तुम्हीच का, म्हणाली. हो म्हटलं. तर उभ्याउभ्याच सुरू झाली, की तुमच्या मुलीने मला ओल्या चादरींना घातलं, तिला बोलायला तिथे मोठं कुणी नाही, म्हणून तुमच्याकडे आले आहे. पाऊण तास बोलली. मी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तुझी बाजू घेतली नाही. बोलून झाल्यावर पाणी मागितलं. तिची बहीण इथून दोन स्टॉपवर राहते, बसून प्रवास करायला डॉक्टरांची मनाई नाही, आणि उद्या किती वाजता निघायचं ते आत्ताच सांगा, म्हणते.

आत्ता ती आतल्या खोलीत तुझ्या पलंगावरची चादर झटकते आहे. तू येशील तेव्हा ती बदललेली असावी म्हणे. मला हाक मारते आहे, दुसरं टोक धरायला. उठतो.

बाबा