शोभाबाईंची टर्बो गाडी

११ जानेवारी १९९७

आणली छगनभाऊंनी गाडी! नवा कोरा ट्रक, दारावर पिवळ्या अक्षरांत ‘टर्बो’. त्यांच्या बायको, भिंतीपलीकडच्या शोभाबाई, नारळाचा तुकडा घेऊन मुद्दाम माझ्या दारात — ‘वो वहिनी, कोंडाईबारीचा घाट भरल्या मालानं चढते म्हणे, दम म्हणून लागत नाही!’

त्याच घाटात ह्यांनी मालकाची जुनी गाडी पहिल्या गेरात चढवत जन्म काढला. टर्बो घ्यायचं स्वप्न ह्यांचं! छगनभाऊ तेव्हा ह्यांच्या गाडीवर क्लीनर होते. आता ते मालक, आणि हे भिंतीवर फोटोत.

खोबरं गोड लागलं नाही.

१२ जानेवारी

संध्याकाळी गाडी दारापुढे थांबली. बंद करण्याआधी छगनभाऊंनी जोरात रेस दिली — भर्रर्र! आमच्या ड्रायव्हर लोकांची ही रीतच. घरात कळावं, माणूस आला. हेही द्यायचे. ती ऐकली की मी तवा ठेवायची.

आज ठेवला. ठेवल्यावर भान आलं. हे गेल्यापासून रात्री माझं चहा-टोस्टवरच भागतं. मग भाकरी थापलीच. रडत खाल्ली, पण खाल्ली.

१४ जानेवारी

संक्रांत. शोभाबाईंनी गाडीलासुद्धा हळदीकुंकू लावलं. मी दारातून पाहिलं. लोखंडाला चालतं!

२८ जानेवारी

घरी बसून सुटे धागे कापलेल्या साड्या शेठकडे पोचवल्या आणि वाचनालयात गेले. इंजिनाचं गुजराती पुस्तक मागितलं. तिथला माणूस हसला — ‘मासी, तमारे आनुं शुं काम छे?’ तुम्हाला हे कशाला, म्हणे. मनात म्हटलं, जळायचंय बाबा, नीट समजून जळायचंय.

ह्या गुजराती मुलखात आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत भाषा शिकले, त्याचा आज उपयोग झाला. टर्बो नवी नाहीच! १९०५ साली एका स्विस इंजिनीअरने ती कागदावर मांडली. इंजिनाचा धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं. त्या चक्राने दुसरं फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. चालेल असं कोणाला वाटेना. वीसेक वर्षांनी जहाजांवर बसवली तेव्हा कुठे पटलं. त्याला आपलं म्हणणं खरं झालेलं बघायला मिळालं! त्याचाही हेवा वाटला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेत विमानाचं इंजिन उंच डोंगरावर नेऊन टर्बो लावून पाहिली. वर हवा विरळ, तरी इंजिनाचा जोर उतरला नाही. इथे पुस्तक मिटलं. दवाखान्यात हे नळीतून हवा ओढत होते, ते आठवलं. इंजिनाला तरी हवा मिळते.

६ फेब्रुवारी

पुस्तकात शेवटी एक गोष्ट सापडली. टर्बोचं चक्र भयंकर वेगाने फिरतं आणि तेलावर जगतं. रेस देऊन लगेच इंजिन बंद केलं तर तेल थांबतं, चक्र मात्र कोरडंच फिरत राहतं. आस झिजतो. म्हणून बंद करण्याआधी गाडी दोन मिनिटं नुसती उभी चालू ठेवायची.

आणि छगनभाऊ रोज रेस देऊन बंद करतात!

सांगावं? का सांगू? झिजू दे. शोभाबाईंच्या दारातही जरा सामसूम होऊ दे.

७ फेब्रुवारी

रेस झाली. बोलले नाही. तवा ठेवला.

२० मार्च

आजही नाही बोलले. सांगितलं तर रेस बंद होईल, हेही आहे.

१७ मे

गाडी निळा धूर सोडते, तेल पिते. शोभाबाई ओट्यावर डोकं धरून बसल्या होत्या — ‘भाऊ असते तर एका आवाजात ओळखलं असतं वो.’ भाऊ म्हणजे हे. घाटात गाडी बसली तर? छगनभाऊ एकटे असतात. जळून जळून मी कुठे पोचले!

गेले आणि सगळं सांगितलं. छगनभाऊ खाली बघत म्हणाले, ‘ठाऊक आहे वहिनी. गाडी देतानाच कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं.’

‘मग रेस का देता?’

ते शोभाबाईंकडे बघायला लागले. त्या कडाडल्या — ‘गप बसा तुम्ही! मिस्त्रीकडे न्या गाडी.’

ठाऊक असून! एवढी गाडी मिळाली, अक्कल नाही मिळाली.

२१ मे

टर्बो दुरुस्त होऊन गाडी आली. रेस नाही. इंजिन दारापुढे नुसतं घरघरत राहिलं, मग गप्प झालं. मी बसूनच होते. चहाचं आधण ठेवणार, तेवढ्यात मधल्या भिंतीवर लाटणं वाजलं — ठक ठक ठक!

‘वो वहिनी! रेसवरच जेवता ना तुम्ही? भिंतीतून भाकरी थापलेली ऐकू येते मला. मीच म्हटलं होतं ह्यांना, देत जा, रेस ऐकून ही माय जेवते तरी. आता रोज मी ठोकीन. ठेवा तवा!’

ठेवला.