घोंगडीचा वास

आबा, लांबूनच तुमच्या पायावर डोकं ठेवतो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. सुषमाताई वाचून दाखवील.

मी बरा हाय. दापोलीला समुद्राकडंला पर्यटकांची कॅरव्हॅन, म्हंजी चाकावरची खोली, सांभाळतो. गिऱ्हाईक नसलं की तिच्यातच झोपतो. एसी हाय, पण डोळा लागत न्हाई. सारखा उठून भिंतीला हात लावून बघतो. भिंतींना घाम सुटायचा, एसीचं पाणी गादीवर टपकायचं.

ते माझ्यामुळंच झालं. आपल्या गावाला, निमोण्यात, उन्हाळ्यात लावतो तसं खिडकीत ओलं गोणपाट लावलं, खिडकी उघडी ठेवली. आपल्याकडं त्यानं गारवा येतो, पण इथं हवाच ओली. मालक लई बोलले. आता गोणपाट काढलंय, एसी चालू असला की खिडक्या बंद ठेवतो, चहासुद्धा बाहेर करतो. टपकायचं थांबलंय. तरी हात जातोच भिंतीकडं.

तुमचा खोकला कसा हाय? मेंढरं विकल्यापासून घरात झोपता, का अजून अंगणातच?

तुम्ही दिलेल्या घोंगडीला बुरशी धरली होती. साबणानं धुऊन उन्हात वाळवली. बुरशी गेली. मेंढरांचा वासबी गेला, आबा.

तुमचाच,
ज्ञानू